पाचर

हाउगेसुंडच्या धक्क्यावर आता कॉफीची दुकानं आहेत.
तिथंच बांधलेली असायची तोरहिल्ड,
आणि मी तिची बिनतारीवाली, वय बावीस.
कप्तान मोन्सेन पहिल्या दिवशी एवढंच म्हणाला,
"भोंग्याच्या दोरीला हात लावायचा नाही.
बाकी बोट तुझीच."

जाताना पोटात वाळवलेला कॉड,
ढलप्यांसारखा कडक, पार लेगॉसपर्यंत.
येताना कोको.
तीन नंबरच्या खणात दोन्ही वासांचं कधी पटलं नाही,
पण माझ्या स्वेटरमध्ये त्यांनी संसार मांडला.
आई तो चारदा धुवायची
आणि शेजारची मांजरं दोरीखाली येऊन बसायची.

मेट एस्पेलांद रंगीत पेन्सिलींनी
बोटीचा उभा छेद काढायचा.
पिवळा कोको, तपकिरी महोगनी,
आणि मधे एकच तांबडा चौकोन :
कुणा पाद्र्याचा पियानो, ताकोरादीला उतरवायचा.
माल भरणं म्हणजे बोटीला स्वभाव देणं,
असलं काही छान तो कधी बोलला नाही.
तो म्हणायचा, "हिरवी कुणी घेतली?"

पियानो सिगव्हाल्डनं उतरवला,
विंचच्या दांड्यावर दोन बोटं ठेवून.
खाली मुकादम क्वामेना आइदूचा तळहात
हवेत हळूहळू मिटत गेला.
जमिनीला टेकताना आतून
एकच सूर निसटला,
आणि पोती वाहणारे सगळे
डोक्यावरच्या ओझ्यासकट थांबले.

बिस्केच्या आखातात दोन नंबरची ताडपत्री फाटली
त्या रात्रीचं मला नीट सांगता येत नाही.
वर ते पाचरा ठोकत होते,
आत मी कळ ठोकत होते,
कुठला ठोका कुणाचा ते कळेना.
पहाटे बोसन आला, ओलाचिंब,
टेबलावर एक पाचर ठेवली :
"ही उरली."
आणि कॉफी न पिताच गेला.

मग खोकी आली. लोखंडी, एकसारखी,
आत काय आहे ते ना मेटला माहीत, ना वासाला.
एस्पेलांदच्या पेन्सिली त्याच्या नातवाकडे गेल्या.
तोरहिल्ड पिरेअसला विकली.
पुढे एकदा रॉटरडॅमला, फेरीच्या कठड्यावरून,
एक निळी बोट दिसली. नाव परकं, ग्रीक.
पण उन्हं तिरपी होती,
आणि रंगाखाली वेल्डिंगची जुनी अक्षरं
जखमेच्या वणासारखी वर आलेली.
मी हात हलवला. कुणाला, ते विचारू नका.
पुढे ती कुठं तोडली ते मीही विचारलं नाही.

बोट गेली, बोटं राहिली.
जेवताना ती मधेच ताटाच्या काठावर
तिची चार अक्षरं वाजवतात.
इंगुन्न, माझी नात, म्हणते, "आजी, कोण बोलतंय?"

पाचर स्वयंपाकघराच्या दाराखाली असते.
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.
पावसाळी हवेत फुगते, निघता निघत नाही.
निघालीच, तर नाकाशी धरते :
कॉड.
नाही, कोको.
थांबा जरा.