उलट्या क्रमाने

केमी नदीकाठची कागद गिरणी आज बंद होते आहे.
कंट्रोल रूममध्ये राइया केस्किताओ एकटीच,
कोट अंगातच; हीटर कालच कुणी काढून नेला.

पडद्यावर तिनेच लिहिलेला सी-प्रोग्राम.
कागदाची ओल मोजायची, दर सेकंदाला एक ओळ लिहायची.
पस्तीस वर्षं एवढंच.

ती नवी होती तेव्हा पेन्त्ती म्हणाला होता,
"सुरू काय, कुणीही करतं.
संपायचं कसं, ते आधी लिही."
म्हणून मेनच्या पहिल्याच ओळींत
अॅटएक्झिटकडे तिने निरवानिरव सोपवली:
आधी कुलपाची फाइल, मग सेन्सरची तार, मग दिवा.
ती चालणार मात्र उलटी.
लोकरी मोज्यांवर बूट चढवतो ना,
घरी आल्यावर आधी बूटच निघतात.

पेन्त्ती स्वतः तसा गेला नाही.
दोन हजार तीन, मार्च, गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून बसलेला.
ना सिग्नल, ना हँडलर.
खुंटीवर कोट राहिला, कोडमध्ये एक अर्धी टीप:
"इथे लक्ष ठेव, कारण"
कारण काय, ते बफरमध्येच राहिलं.
राइयाने ती ओळ कधी पुसली नाही,
पूर्णही केली नाही.

आता ती कंट्रोल धरून सी दाबते.
प्रोग्राम दचकत नाही.
हातातली फेरी पुरी करतो, झेंडा बघतो, लूपबाहेर येतो,
रिटर्न झिरो.
दिवा विझतो. तार सुटते. कुलूप निघतं.
मग बफरमधल्या उरल्यासुरल्या ओळी डिस्कवर उतरतात,
शेवटची: ओल ४.८,
रोलरवर राहून गेलेल्या वीतभर कागदाची.

ती विचारते, कसा संपलास?
पडदा म्हणतो, ०.
बाहेर शून्य म्हणजे काहीच नाही.
इथे शून्य म्हणजे सगळं नीट.
पण ते कुणीतरी विचारून घ्यावं लागतं;
नाहीतर संपलेलाही यादीत तसाच अडकून राहतो,
ना चालू, ना मोकळा.

ती पेन्त्तीचा कप विसळते, पालथा घालते.
फाटकावर वेइक्को, बर्फ झटकत:
"झालं? कसं झालं?"

राइया बराच वेळ किल्ल्या शोधते.
"नीट," ती म्हणते. "नीट झालं."