अर्ध्या तासात आल्टर

साडेसहा झाले. सात वाजता पोट्टे येतील
आणि माझ्याकडे राक्षस नाही.

म्हणजे आहे, पण जुना.
मागच्या दिवाळीत दारव्ह्याहून झेरॉक्स मारून आणलेला.
त्याचं बळ, त्याचं चिलखत, त्याचे एकोणसाठ प्राण
लुकेशला तोंडपाठ.
"ताई, आता थो गदा उचलते," म्हणतो
मी फासा टाकायच्या आधीच.

हुकांची डबी सरकवून
मी राक्षसाला मशीनवर घेते.
नवा बेतायला वेळ नाही,
खुंटीवर लग्नाचे अकरा ब्लाउज, बाह्या बाकी.

सगळं उसवायचं नसतं.
खांदा तसाच ठेवावा, गळा बदलावा.
बघणारा गळाच बघतो.

म्हणून प्राण एकोणसाठच.
गदा काढली, हातात दुसरं काही दिलं नाही.
रिकाम्या हातांकडे माणूस जास्त वेळ बघतो.
कान लावले रोह्याचे,
तुरीत उभ्याउभ्या
बॅटरीचा उजेड पडायच्या आत वळणारे.
कातडीखाली रुई कोंबली, सरकीसकट:
बाण घुसेल, पोचणार नाही.
आणि आवाज दिला उकंडरावच्या कुंपणावरल्या झटका मशीनचा,
टक्. टक्. टक्.
फक्त हा जवळ आला की आवाज थांबतो.

शेवटी खडूनं समासात लिहिलं,
रोज रात्री विहिरीपाशी येऊन उभा राहतो.
का, ते लिहिणार होते,
तेवढ्यात बॉबिन संपली
आणि दारात चपला वाजल्या.

तन्वीर जिनिंगवरून थेट आलेला, भुवयांवर कापूस.
मोनाली गेडाम भावाच्या स्वेटरमध्ये,
नेहमीसारखी भिंतीला टेकून.
वीस तोंडांचा फासा एकच, तो आळीपाळीनं.
बाकी हिशेब बटणांवर.

आठच्या सुमारास लाईन गेली.
मोबाईलचा टॉर्च स्टीलच्या गिलासात उभा केला
तर छताला एक गोल चंद्र लागला.
बाहेर उकंडरावचं मशीन, सोलरवरचं,
चालूच होतं. टक्. टक्.
मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

"एकोणीस! लागला ना?"
"लागला."
"मंग?"
"मंग काही नाही. बाण आत गेला. थो चालूनच राह्यला."

लुकेशनं मोबाईल उघडला, बोटानं वर गेला, खाली आला.
"ताई, हे पुस्तकात नाही हाय."
पहिल्यांदा त्यानं खुर्ची मागे घेतली.

आणि मोनाली, जी तीन गुरुवार
फक्त "मी बी मारते" एवढंच म्हणाली होती,
म्हणाली,
"थो विहिरीपाशी कायले उभा राह्यते?"

समासात खडू. खडूच्या पुढे कोरं.

शिवताना आतून दोन बोटं कापड जास्तीचं सोडतात,
उद्या अंग भरलं तर उसवता यावं.
त्याला आम्ही माया म्हणतो.

"तूच सांग," मी म्हटलं.

तिनं फासा उचलला, टाकला नाही.
बराच वेळ त्याची तोंडं अंगठ्यानं चाचपत राहिली.
"कोनीतरी त्याले सांगतलं असन.
थांब इथंच, आलोच म्हणून."

गिलासातला उजेड जरा हलला, कुणाचा तरी गुडघा लागला असावा.
तन्वीरनं भुवईवरचा कापूस काढून
विनाकारण बोटावर गुंडाळला.
"नाही मारलं," लुकेशनं विचारलं,
"त पॉइंट भेटन का?"
"भेटन."
"अर्धे?"
"पुरे."
त्यानं आपलं बटण उचललं, विहिरीच्या काठाशी
राक्षसाच्या बटणाला लागून ठेवलं,
आणि मग मोनालीनं तिचं.
तन्वीरचं जरा दूर. धनुष्य अजून त्याच्या हातात होतं म्हणे.

साडेदहाला लाईन आली, त्याच्या मागोमाग फोन.
"ताई, खरं सांग. थो जुनाच होता ना?
एकोणसाठवाला?"

मी अकराव्या ब्लाउजची बाही लावत होते.
नवरीच्या आईनं दोन बोटं सांगितली होती,
तीन सोडली.

"झोप, लुकेश."