सहा मिनिटं

कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन नारिंगी शंकू,
मधे तीस मीटर फरशी.
ब्रिजिदा सिस्टर घड्याळ दाबते, म्हणते, चल.
बोलायचं नाही. थांबलास तरी चालेल,
घड्याळ थांबणार नाही.

सहा मिनिटांत आमची फेरीबोट
दिवाडीहून पलीकडे लागायची,
भरती असली तर सात.
अठरा वर्षं दोर फेकला मी त्या धक्क्यावर,
स्वतःच्या पायांकडे एकदाही बघितलं नाही.

आजोबांना देवचार लागला म्हणायचे.
बापूंनी खाजनाच्या बांधावर रोट ठेवला, विडी ठेवली,
गाऱ्हाणं घातलं.
तरी पन्नाशीत बापू खुर्चीत बसले ते बसलेच.
आता बांबोळीला एक तरुण डॉक्टरीण
कागदावर आमचं घराणं काढते :
पुरुष चौकोन, बाई गोल.
आजोबांचा चौकोन शाईनं भरला, बापूंचा भरला,
शाणूदादाचा भरून वर तिरकी रेघ.
मग माझा.
दादाच्या यशवंतीचा गोल कोरा,
आत बारीक प्रश्नचिन्ह.

चौदा पानांचा कागद, तोही गाऱ्हाण्यासारखाच.
'मी कधीही माघार घेऊ शकतो.'
कशातून? मी विचारलं.
ती हसली नाही.
अभ्यासातून, म्हणाली.

सुईत औषध आहे की नुसतं मिठाचं पाणी
मला ठाऊक नाही, सिस्टरला नाही, डॉक्टरिणीलाही नाही.
मिठाच्या पाण्यावरच तर जन्म गेला,
आणखी दोन वर्षं.

नळीवर नाव लावत नाहीत. शून्य एक सात.
शून्य एक सात आज दोनशे बारा मीटर चालला.
मागच्या खेपेला दोनशे एकतीस.
मी थांबलो तिथं सिस्टर चिकटपट्टी लावते,
गुडघ्यांवर बसून टेप धरते शिंप्यासारखी,
आणि आकडा हळू आवाजात सांगते.

यशवंती सोबतीला येते.
तिचं रक्त कुणी मागितलेलं नाही,
मागायचंच नाही म्हणे, तिनं स्वतः विचारायला हवं.
इस्पितळाच्या पायऱ्या ती दोन दोन उतरते.
मी रिक्षा शोधतोय असं दाखवतो.

परतीच्या बोटीत तिनं माझी चौदा पानं उघडली,
वारा येईल तसं अंगठ्यानं दाबत
वाचत राहिली.
पुढे नवा पोरगा दोर घेऊन उभा.
पहिली फेक चुकली, दोर पाण्यात.
माझा हात वर गेला होता.
दुसरी लागली.
काका, चल, म्हणाली ती,
आणि अकराव्या पानाचा कोपरा
नीट दुमडून ठेवला.