आतलं चाक

एस्तेर पगारेनं कॉन्टेसा आणली देवळाली कॅम्पातून
टेम्पोला दोर बांधून.
एका डॉक्टरच्या चिंचेखाली अकरा वर्षं उभी होती.
डिकीत चिंचोके, आणि स्टेथोस्कोपची नळी,
उंदरांनी अर्धी खाल्लेली.

मी म्हटलं, रंगवून टाक, वरातीला भाड्यानं जाईल.
ती म्हणाली, काका, हिला आडवं चालवायचंय.

आडवं.
अंबडच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं राबलो
ते गाड्या नीट सरळ जाव्यात म्हणून.

तरी गेलो रोज संध्याकाळी, घरी तरी काय होतं.
मागची सीट काढली, दारांची अस्तरं काढली,
तळाचं डांबर छिन्नीनं खरवडलं.
काढलेलं सगळं ती भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायची
आणि खडूनं भिंतीवर लिहायची:
तेवीस किलो. साडेनऊ. सहा.
पुढची चाकं जास्त वळावीत म्हणून
स्टिअरिंगचे आर्म कापून आखूड केले,
सातपूरच्या कमानवाल्याकडून मागं एक पाटा वाढवून घेतला,
हँडब्रेकला उभा दांडा, तेलावर चालणारा.
ओढला की मागची चाकं जागच्या जागी गप्प.

मग ती म्हणाली, आता डिफरन्शियल वेल्ड करा.

इथं हात थांबला.
कसं असतं,
गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक लांबून जातं
आणि आतलं जवळून.
म्हणून दोघांच्या मधे चार गिअर बसतात, पोराच्या मुठीएवढे.
ते एकाला म्हणतात तू पळ,
दुसऱ्याला म्हणतात तू दमानं घे.
माझं सगळं आयुष्य त्या चार गिअरांत गेलं.
दातांना निळा रंग लावायचा, फिरवायचे,
कुठं पुसला गेला ते बघायचं.
कुणाच्या गाडीत गेले, कोणत्या घाटात वळले,
कधी कळलं नाही.
आणि ही म्हणते, चिकटवून टाका.

दोन दिवस गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणून कळवलं.

तिसऱ्या दिवशी बघतो तर
भंगारातल्या सुट्या गिअरवर तिनं सराव केलेला.
टाका तडकलेला. केसाएवढी रेघ.
मला तडकलेला टाका बघवत नाही,
ही माझी जुनी खोड.
म्हटलं, गार लोखंडावर मारतेस होय? आधी तापव.
रॉड उन्हात टाक. शेगडी आण. राख आण पाटीभर.
आणि काच मीच लावली डोळ्यांवर.

अर्ध्या तासात चार गिअर एक झाले.
रात्रभर राखेत पुरून ठेवले,
गार व्हायची घाई नको म्हणून.

ओझरजवळ बस्त्यांचं द्राक्षांचं पॅकहाऊस, मे महिना,
आवार रिकामं, क्रेटच्या थप्प्या उन्हात पांढऱ्या पडलेल्या.
तेच क्रेट मांडून तिनं वळणं आखली.
टायर द्वारकेचे, दीडशेला एक, जाळायलाच घेतलेले.
पहिल्यांदा गाडी गरकन फिरली, सात क्रेट गेले.
दुसऱ्यांदा बंदच पडली.
बस्ते म्हणाले, क्रेटचे पैसे लिहून ठेवतोय हं.
तिसऱ्यांदा
गाडीचं तोंड क्रेटकडे, चाकं कुंपणाकडे
आणि जाणं तिसरीकडंच,
धुरातून, लांबलचक,
आणि एस्तेर बाजूच्या खिडकीतून पुढचा रस्ता बघत होती.

बस्ते लिहायचे थांबले.

संध्याकाळी टेम्पोत चढवायला गाडी हळूहळू वळवली
तेव्हा आतलं चाक काँक्रीटवर ओरडलं, चीं, चीं.
त्याला दमानं घ्यायचं होतं.
तिनं डोकं बाहेर काढलं. काका, आवाज कसला?

मी खाली वाकून बराच वेळ ऐकलं.
म्हटलं, चल पुढं. टाका धरलाय.