केसाची गाठ

गोऱ्हे बुद्रुकच्या खाली, धरणाचं पाणी जिथे
कुणाच्या तरी बुडालेल्या बांधावर येऊन थांबतं,
तिथे पहाटे साडेपाचला भानुदास म्हणाला,
ताई, एक केस दे.
उपटून दिला. पांढरा निघाला.
चालेल, म्हणाला, गढूळात दिसत नाही.

नायलॉन मिळतं की रे रविवार पेठेत.
मिळतं. पण केस मऊ. ओठाला कळत नाही.

खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
लेथवर घालवलेली बोटं ती,
अंधारात कातडीनं मोजतात.
गळाला आमिष टोचायचं नाही, ताई,
सगळे इथेच चुकतात.
गळ नागडा ठेवायचा, पार नागडा,
त्याच्या पाठीला केस बांधायचा
आणि केसाला मक्याचे दोन दाणे,
रात्रभर भिजवलेले, गुळात उकडलेले,
बडीशेपेचा वास लागलेले.
दाणा आणि गळ यांच्यात
करंगळीच्या नखाएवढी फट.
कमी झाली तर संशय येतो.
जास्त झाली तर खाऊन जातो.

गळाचं टोक त्यानं अंगठ्याच्या नखावर ओढलं.
घसरलं.
खिशातून कानस काढली, चार हात मारले, पुन्हा ओढलं.
नखावर रेघ उमटली.

सिप्रनस हावरा नसतो. म्हातारा तर मुळीच नाही.
मिशांनी तळ चाचपत येतो,
गाळ ओढतो तसा दाणाही आत ओढतो,
चाखतो,
आणि काही खटकलं की थुंकतो.
आपण त्या थुंकण्यावर टपलेलो.
दाणा आधी बाहेर पडतो, केस ताणला जातो,
मागून गळ उलटा वळून
खालच्या ओठात बसतो.
गिळताना नाही, ताई.
नको म्हणताना.

ऐंशी ग्रॅमचं शिसं लांब जाऊन पडलं.
काठीच्या शेंड्याला त्यानं घुंगरू अडकवलं,
बैलाच्या गळ्यातलं, जुन्या बाजारातून आणलेलं.
पलीकडे प्रबोधिनीचा घुमट उजळायला लागला.
मग थर्मासमधला चहा,
मग डबा: अनसूयानं खास माझ्यासाठी केलेल्या
तिखटमिठाच्या पुऱ्या.
अकरा वर्षांत माझ्या वाट्याला
तिच्या हातची एक पुरी आली नव्हती.
मग आईची आठवण. मग माझ्या गुडघ्यांची चौकशी.
मग डब्याच्या अगदी शेजारी
प्लॅस्टिकच्या पिशवीत स्टॅम्प पेपर.

हक्कसोडपत्र. बोपोडीची दीड गुंठा जागा,
पत्र्याच्या दोन खोल्या, एक शेवग्याचं झाड.
बिल्डर येतोय, म्हणाला. सही काय, नुसती नावाला.

मी चष्मा लावून वाचलं.
'राजीखुशीनं' तीनदा होतं.
तोंडात 'नाही' येऊन बसलं होतं
आणि त्याचे डोळे माझ्या ओठांवर होते.
नाही म्हटलं की तो आईचं शेवटचं वर्ष काढणार,
कुणी उपसलं, कुणी औषधं आणली,
कोण कोथरूडहून फक्त सणाला यायचं.
ओढणार नाही. नुसती दोरी ताणून धरील,
मला दमू देईल.
मी काही बोलले नाही. पुरीचा तुकडा मोडला.

आणि घुंगरू वाजलं.

झटका नाही दिला त्यानं, नुसती काठी उचलली.
वीस मिनिटं दोरी पाण्यावर रेघा मारत फिरली.
मी जाळं धरलं, साडी गुडघ्यापर्यंत भिजली.
पाचेक किलोचा. पाठीवर पितळी खवले,
तोंड असं, की आत्ता काहीतरी विचारेल.
भानुदासनं हात ओले करून जबडा उघडला.
बघ, खालच्या ओठात, बरोबर मधोमध!
आठ वर्षांचा असताना
पवनेत पहिली मरळ मिळाली तेव्हाचा चेहरा.
गळाला माझा केस तसाच होता,
एक दाणा धरून.

अर्धा तुझा, ताई, तो म्हणाला,
लहानपणीच्या सवयीनं, दम खात.
आणि मग
स्वतःच गप्प झाला.

मासा ओल्या गोणपाटावर कल्ले उघडत राहिला.
भानुदासनं कागद उचलून पिशवीत घातला,
पिशवी दोनदा दुमडली.
मी हात पुसले, डबा ओढला
आणि उरलेल्या पुऱ्या
एकेक करून संपवल्या.