हात लावून पाहा

पहिलं यंत्र पुठ्ठ्याचं होतं.
फ्रिजच्या खोक्याला खिडकी कापली,
पडदा म्हणून कागद लावले
आणि आत, स्टुलावर, मी.
बाहेरून कुणी बोट टेकवलं
की आतून मी कागद बदलायचे.
स्वारगेटच्या स्टँडवर, रसवंतीच्या शेजारी,
तीन दिवस मी यंत्र होते.

तौसिफ बाहेर वही घेऊन:
कुठे अडले, किती सेकंद, शेवटी काय म्हणाले.
मदत करायची नाही, असं ठरलेलं.
माणूस चुकत नसतो, रचना चुकते,
हे मीच कॉलेजात मुलांना शिकवते.

एक बाई आल्या. पिशवीतून कढीपत्ता डोकावत होता.
कागदावर होतं: जिल्हा निवडा.
बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.
मग खोक्याच्या फटीशी तोंड आणून हळूच म्हणाल्या,
"मला लेकीकडं जायचंय."
मी सगळे कागद चाळले.
लेक कुठल्याच कागदावर नव्हती.

जिल्हा, तालुका, मग गाव:
आमची माहिती जिना उतरत येणारी.
आणि माणसं यायची
वडाच्या फाट्यावरून,
पंपाच्या अलीकडून,
मागच्या वेळी टायर फुटला होता ना, तिथून.

चौकशीच्या खिडकीतले ढमढेरे
रिटायर व्हायला दीड वर्ष उरलेले,
चहा बशीत ओतत म्हणाले,
"गाडी कधी आहे, हे कोण विचारतंय?
विचारतात, गाडी गेली का.
घाला तुमच्या डब्यात त्याचं उत्तर."
तौसिफनं ते लिहून घेतलं.
सेकंदांच्या रकान्यात काय लिहावं
त्याला कळेना.

दोन महिन्यांनी काचेचं आलं.
आता आत कुणी बसायची सोय नव्हती.
पहिल्याच पडद्यावर, मी निवडलेल्या टपोऱ्या अक्षरांत:
येथे स्पर्श करा.

एक आजोबा हात पाठीमागे बांधून उभे राहिले.
मोठ्यानं वाचलं. परत वाचलं.
"पाटी उलटं सांगतीय की," म्हणाले.
डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं,
मग एकच बोट, अगदी टोकानं, टेकवलं
आणि लगेच काढून घेतलं.
कुठे जायचंय, मी विचारलं.
"कुठं नाही. गाडी लागलीय माझी."
हसत गेले.
ते हसू मला नीट वाचता आलं नाही,
अजूनही येत नाही.

महादू रणपिसे, गिलावा करतात, वेल्ह्याला निघालेले.
बोट टेकवलं. काही नाही.
शर्टाला पुसून टेकवलं. काही नाही.
अंगठा. दुसऱ्या हाताचा अंगठा.
"काच चांगलीय तुमची.
माझीच बोटं गेलीत सिमेंटात.
रेशनवर पण घेत नाहीत."
सत्तेचाळीस सेकंद.
तौसिफ वहीतून मान वर काढेना.
मी नियम मोडून पुढे झाले,
तेवढ्यात त्यांनी वैतागून बोट मुडपलं
आणि पेरानं ठोकलं,
बंद दारावर ठोकतात तसं.

पडदा उघडला.

अहवालात मी लिहिलं: पेरानेही चालते, तसे चित्र द्यावे.
बैठकीत म्हणाले, ठोकणं बरं दिसत नाही,
लोक काच फोडतील.
ते वाक्य गाळून अहवाल मंजूर झाला.
हेल्पलाइनचा नंबर मात्र
खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, आहे.

परवा भोरला जाताना मुद्दाम लवकर गेले.
यंत्र उभं होतं. डोक्यावर कुणाचा तरी डबा ठेवलेला.
बाजूला सेलोटेपनं चिकटवलेला पुठ्ठा,
निळ्या बॉलपेनचं, तिरकं, सरकारी अक्षर:

बोट चालत नसल्यास ठोकावे.
तरी न चालल्यास खिडकी क्र. ३.
गाडी गेली का, हे फक्त खिडकीवर विचारावे.

मी बोट मुडपलं. ठोकलं.
आणि पडदा उजळायच्या आधी
क्षणभर वाट पाहिली,
आतून कुणी स्टूल सरकवतंय का.