घरट्याखालची जागा

शाळेच्या स्वयंपाकघरात, मेणकापडावर,
पिठाचे हात पुसून मी तीन राउटर मांडले.
हिशेब माझ्याकडे. पैसे बिस्किटांच्या डब्यात:
चार महिने तळलेल्या एम्पानादा,
आणि पेसो असा, की रोज सकाळी
कालच्यापेक्षा हलका होऊन उठतो.
शुक्रवारच्या आत काहीतरी घ्यायलाच हवं.

पहिला पांढरा, गुळगुळीत, स्वस्त.
आत एकच रेडिओ.
रामिरो म्हणाला, याचा कान आणि तोंड एकच.
ऐकतो तेव्हा मुका, बोलतो तेव्हा बहिरा.
दरीतली चार घरं ओलांडेपर्यंत
निम्म्याचा निम्मा, त्याचाही निम्मा.
"म्हणजे माझ्या नणंदेच्या उलट,"
दोन्या एउलालिया म्हणाली,
"ती प्रत्येक दारात दुप्पट करते."

दुसरे अकरा नग,
कोर्दोबातल्या कुठल्याशा बँकेने टाकलेले, फुकट.
फुकट ते पौष्टिक, खरं,
पण यांचं पोट इतकं लहान
की नवं सॉफ्टवेअर दोन घासांतच अडकतं.

तिसऱ्यात दोन रेडिओ.
किंमत ऐकून मातेचा पेला फिरायचा थांबला.
कुणी काही ठरवायच्या आत
बारा वर्षांच्या मिलाग्रोसने
लोण्याच्या सुरीने त्याची पाठ उघडली होती.
चार साधे स्क्रू. आत सगळं दिसत होतं,
कुठे जळलं तर कुठे जळलं ते कळेल असं.
पहिल्या पांढऱ्याला तर स्क्रूच नव्हते.
गारांच्या रात्रीनंतर तो
कोण उघडणार, कशाने?

एवढ्यावर ठरलं असतं.

पण दोन्ही वस्त्या दिसतात
त्या फक्त फेर्मिन ओयोलाच्या खांबावरून.
दुपारी आम्ही चढून गेलो.
"मला नको तुमचं इंटरनेट," तो म्हणाला,
"मी कुणाला लिहू?
खांब घ्या. वरचं घरटं हलवायचं नाही."

ओर्नेरोचं घरटं. चिखलाची भट्टी,
दार वाऱ्याकडे पाठ करून.
रामिरोने खाली टेप लावली:
चाळीस सेंटिमीटर.
आमची तबकडी साठची.

मग तबकडी गेली. फळीसारखा अरुंद अँटेना आला,
त्याची नजर जवळची,
म्हणून मध्ये चुन्याच्या भट्टीवर आणखी एक टप्पा,
म्हणून पाचांचे सहा.
डब्यात पैसे पाचांचेच.
मी दोनदा मोजले. तिसऱ्यांदा मोजताना
रामिरो वस्तीच्या नकाशावर बोट फिरवत होता,
ओढ्यापलीकडच्या शेवटच्या घरावर थांबला.
इथून पुढे कुणीच नाही, म्हणाला.
इथला निरोप पुढे द्यायचाच नाही.
एकच रेडिओ पुरतो,
मेजावरचा नमुन्याचा पांढरा आहेच.

एउलालियाने नकाशा स्वतःकडे वळवला.
घर नणंदेचं होतं.
ती इतकी हसली
की मिलाग्रोसच्या हातून स्क्रू पडला,
आणि आम्ही सगळे, खजिनदारासकट,
मेजाखाली रांगत तो शोधत बसलो.

पाऊस आत शिरू नये म्हणून
जोडांवर गुंडाळायची टेप मी यादीत लिहिली होती,
साडेतीन मीटर, काळी.
वसंतात फेर्मिनचा निरोप आला, माणसाहाती:
पक्ष्याने खालच्या जोडावरही
दोन बोटं चिखल लिंपलाय.
राहू दे का?

राहू दे, मी कळवलं.
तोही माणसाहातीच.